पॅरिसमधला पहिला दिवस आणि साताऱ्याचं घड्याळ

मुंबईहून निघालेलं विमान पॅरिसला उतरतं तेव्हा मनगटावरचं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे न्यावं लागतं. त्याला काही सेकंद पुरतात. शरीरातलं घड्याळ मात्र तेवढं मागे सरकायला दोन-तीन दिवस घेतं. मधल्या काळात माणूस एका शहरात फिरत असतो आणि त्याची झोप, भूक, पोट दुसऱ्याच गावाच्या वेळेवर चालत असतं. युरोपच्या सहलीत पहिल्या दिवशी जे बिघडतं, त्यातलं बरंचसं या ओढाताणीतून आणि तिच्याकडे केलेल्या दुर्लक्षातून येतं.

साठी ओलांडलेली अनेक मराठी जोडपी आता अशा सहलीला निघतात. मुलांची शिक्षणं, घराचे हप्ते, आईवडिलांची आजारपणं यांत वर्षानुवर्षं मागे पडलेली ही हौस असते. उदाहरणादाखल साताऱ्याचं एक जोडपं डोळ्यांसमोर आणावं. ते चौसष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. दहा वर्षांपासून मधुमेह, सकाळी आणि रात्री जेवणाआधी एकेक गोळी. त्या साठीच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. गुडघे कुरकुरतात आणि रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. तिकिटं मेच्या मध्याची. यादी मोठी आणि दिवस मोजके, म्हणून आयफेल टॉवर, लूव्र संग्रहालय आणि सीन नदीतली बोट हे सगळं पहिल्याच दिवशी उरकायचा बेत.

कळसूबाईपेक्षा उंच

या दिवसाची सुरुवात खरं तर आदल्या पहाटेच होते. साताऱ्यात पहाटे साडेपाचला उठायचं, उरलेली आवराआवर करायची, दुपारी गाडीनं मुंबई गाठायची, रात्री विमानतळाच्या रांगा पार करायच्या आणि मध्यरात्रीनंतर विमानात बसायचं. साडेनऊ-दहा तासांनी पॅरिसला उतरताना तिथे सकाळचे आठ वाजलेले असतात आणि साताऱ्यात साडेअकरा. म्हणजे विमानातल्या खुर्चीत लागलेली डुलकी सोडली, तर तीस तासांचं जागरण झालेलं असतं.

त्यात विमानातली हवा वेगळी. उडत्या विमानात हवेचा दाब जमिनीवरच्याएवढा ठेवलेला नसतो. तो साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा असतो. कळसूबाईचं शिखर आहे १६४६ मीटर. थोडक्यात, रात्रभर माणूस महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराहून उंच जागी बसल्यासारखा असतो. रक्तातलं प्राणवायूचं प्रमाण थोडं उतरतं. निरोगी माणसाला त्याचा त्रास होत नाही. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असणाऱ्यांनी मात्र तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना विचारलेलं बरं. हवेतली आर्द्रताही वीस टक्क्यांच्या खाली जाते. घसा कोरडा पडणं, डोळे चुरचुरणं, डोकं जड होणं हे त्यामुळेच.

उतरताना बूट घट्ट होतात. दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर ते तासन्‌तास पाय लोंबते ठेवल्यामुळे असतं आणि चालल्यावर, पाय वर घेऊन झोपल्यावर उतरतं. सूज एकाच पोटरीला असेल, ती दुखत असेल, तिथली त्वचा गरम किंवा लालसर वाटत असेल, तर मात्र पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक वेळ बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो. तरी निरोगी प्रवाशांत तो सुमारे सहा हजारांत एक एवढाच असतो. वय, लठ्ठपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कर्करोग किंवा पूर्वी झालेली गुठळी यांमुळे तो वाढतो. ही गुठळी प्रवासानंतर काही दिवसांनीही त्रास देऊ शकते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर अचानक धाप लागते, छातीत दुखतं. अशा वेळी थेट रुग्णालय गाठायचं. त्यापासून बचाव सोपा आहे. विमानात दर तासा-दोन तासांनी उठून चार पावलं टाकायची आणि बसल्याजागी घोटे फिरवत राहायचं.

तीन वाजेपर्यंत खोली नाही

सकाळी दहाच्या सुमारास जोडपं हॉटेलात पोहोचतं आणि पहिला धक्का बसतो. खोली दुपारी तीनला मिळेल! युरोपातल्या बहुतेक हॉटेलांत हीच रीत आहे. सामान ठेवून घेतात, पण पाठ टेकायला जागा नसते. त्या क्षणी हे संकट वाटतं. शरीराच्या दृष्टीनं मात्र ती सोय ठरू शकते, कारण सकाळीच पलंग मिळाला असता तर दोघं संध्याकाळपर्यंत झोपली असती आणि रात्रभर टक्क जागी राहिली असती.

यामागचं विज्ञान सुरू झालं ते पॅरिसच्याच विद्वानांच्या वर्तुळात. १७२९ मध्ये जाँ-जाक दोर्तू द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं लाजाळूसारख्या एका रोपाचं निरीक्षण केलं. रोप अंधाऱ्या जागी ठेवलं तरी त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत होती. ऊन न दिसताही रोपाला दिवस कळत होता. हे निरीक्षण पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं गेलं. पुढे १९६२ मध्ये मिशेल सिफ्र हा तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ घड्याळ न घेता आल्प्स पर्वतातल्या एका गुहेत सुमारे दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्टच उजाडला होता. दिवस मोजण्यात मन चुकलं, पण झोपण्या-उठण्याचं त्याचं चक्र मात्र चोवीस तासांच्या आसपासच फिरत राहिलं होतं. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं, याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

माणसाचं मुख्य घड्याळ मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर असतं. सुमारे वीस हजार चेतापेशींचा हा पुंजका. बाहेरून वेळ मिळाली नाही तर तो सरासरी २४ तास ११ मिनिटांचा दिवस धरतो. म्हणजे थोडा मागे रेंगाळण्याकडे त्याचा कल असतो. म्हणूनच पश्चिमेला जाताना दिवस लांबवणं शरीराला तुलनेनं सोपं जातं आणि पूर्वेला, म्हणजे परतीच्या प्रवासात, दिवस आखडणं जड जातं. युरोपातून आल्यावर आठवडाभर अंग जड वाटतं ते उगाच नव्हे.

हे घड्याळ लावायचं मुख्य साधन म्हणजे उजेड, आणि तोही घराबाहेरचा. खोलीतला दिव्याचा उजेड साधारण ३०० ते ५०० लक्स असतो. ढगाळ दिवशीसुद्धा मोकळ्या आकाशाखाली तो काही हजारांत जातो. त्यातही वेळेला महत्त्व आहे. पश्चिमेला आलेल्या प्रवाशाला संध्याकाळचा उजेड घड्याळ मागे ढकलायला मदत करतो. मेच्या मध्याला पॅरिसमध्ये सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, तेव्हा साताऱ्यात पाऊण वाजून गेलेला असतो. इतक्या उशिरापर्यंत मोकळ्या हवेत बसता येणं हेच इथलं औषध. एवढ्या फरकासाठी झोपेच्या गोळीची गरज सहसा पडत नाही. मेलॅटोनिनचा उपयोग दिसून आला आहे तोही पाच किंवा त्याहून अधिक कालपट्टे ओलांडणाऱ्यांत.

खोली मिळेपर्यंतचे तास लूव्रमध्ये घालवावेत असं वाटणं साहजिक आहे. पण त्याची दालनं सत्तर हजार चौरस मीटरहून अधिक पसरलेली आहेत आणि संग्रहालयात येणारा शीण हा वेगळाच असतो. अमेरिकेत बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच त्यावर लिहून ठेवलं आहे. सावकाश पावलं, सतत उभं राहणं, वाकून पाहणं आणि दर मिनिटाला नवं काहीतरी समोर येणं यांनी पाय आणि डोकं एकदमच थकतात. जागरणानंतरचा पहिला दिवस त्यासाठी नव्हे. त्यापेक्षा लक्झेंबर्ग बागेतल्या हिरव्या लोखंडी खुर्च्या बऱ्या. त्या फुकट आहेत आणि हव्या तिथे ओढून घेता येतात. तीननंतर खोलीत जाऊन गजर लावून वीस ते तीस मिनिटांची डुलकी घ्यावी, अंघोळ करावी आणि पुन्हा बाहेर पडावं. कॉफी दुपारी दोनपर्यंतच. तिचा अर्धा अंमल पाच तासांनंतरही शरीरात शिल्लक असतो.

घाम कसला फुटलाय?

खरी काळजीची गोष्ट पुढची. गोळ्यांच्या वेळा चुकू नयेत म्हणून अनेक जण मनगटावरचं घड्याळ मुद्दाम भारतातल्या वेळेवरच ठेवतात. या गृहस्थांनीही तेच केलेलं. घरी ते रात्री आठला मधुमेहाची गोळी घेतात आणि साडेआठला जेवतात. साताऱ्याचे आठ म्हणजे पॅरिसचे दुपारचे साडेचार. त्यांनी शिस्तीत गोळी घेतली. पण पॅरिसमधल्या बऱ्याच उपाहारगृहांत दुपारचं जेवण दोन-अडीचपर्यंत संपतं आणि स्वयंपाकघर पुन्हा उघडतं ते संध्याकाळी सात-साडेसातला. त्यातून शाकाहारी काही शोधायचं तर आणखी वेळ. भरीला दिवसभराची चाल. एरवी ओढ्याकाठी रोज अर्धा तास फिरणारी माणसं सहलीत नकळत दहा-बारा हजार पावलं चालतात, आणि चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात.

साडेपाचच्या सुमाराला सीनच्या काठावर ते बाकावर टेकतात. कुरकुर सुरू होते, नकाशा धरलेला हात थरथरतो.

“अहो, एवढा गार वारा सुटलाय आणि तुम्हाला घाम कसला फुटलाय?”

“काही नाही गं. रात्रभर झोप नाही, त्याचं आहे. दोन मिनिटं डोळे मिटतो, बरं वाटेल.”

पहिल्या दिवशी सगळ्यात घातक ठरू शकतं ते हेच वाक्य. जागरणाचा थकवा आणि रक्तातली साखर उतरणं यांची लक्षणं एकमेकांत मिसळतात. चिडचिड, गळून जाणं, डोकं न चालणं दोन्हींत असतं. पण गार हवेत दरदरून घाम येणं, हात कापणं, छातीत धडधडणं, अचानक कडकडून भूक लागणं ही साखर उतरल्याची खूण. अशा वेळी डोळे मिटले तर आराम मिळण्याऐवजी माणूस बेशुद्धीकडे जाऊ शकतो. साखर तपासायचं यंत्र पर्समध्ये असेल तर लगेच तपासावं. आकडा ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर उपचार लागलीच करायचे, आणि यंत्र हॉटेलात राहिलं असेल तर साखर उतरली आहे असंच धरून चालायचं.

उपचार साधा आहे. सुमारे पंधरा ग्रॅम साखर पोटात जायला हवी. म्हणजे तीन चमचे साखर, किंवा लहान ग्लासभर फळांचा रस, किंवा तेवढ्याच प्रमाणात ग्लुकोजची पावडर. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं. मग लगेच काहीतरी पोटभरीचं. चॉकलेट इथे कामाचं नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवून ११२ हा क्रमांक फिरवायचा. युरोपीय संघात कुठेही तो चालतो. फ्रान्समध्ये वैद्यकीय मदतीसाठी १५ हा क्रमांकही आहे. रात्री झोपण्याआधी पुन्हा एकदा तपासणं शहाणपणाचं, कारण भरपूर चालण्याचा परिणाम पुढे बराच वेळ टिकतो.

हा सगळा प्रसंग टळू शकतो, तो एक नियम पाळला तर. जेवणाआधीची मधुमेहाची गोळी जेवणाशी बांधलेली असते, साताऱ्याच्या घड्याळाशी नव्हे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, समोर ताट असो वा नसो. म्हणून ताट समोर येणार हे नक्की झाल्यावरच त्या घ्यायच्या. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत साखर अशी उतरण्याची शक्यता फार कमी. इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र प्रवासाच्या दिवसाचं आणि पहिल्या दोन दिवसांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं; अंदाजानं मात्रा बदलू नये. इन्शुलिन हातातल्या बॅगेतच ठेवायचं, कारण विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठून निकामी होऊ शकतं. रक्तदाबाची रोज एकदा घ्यायची गोळी साडेतीन तास उशिरा घेतल्यानं सहसा काही बिघडत नाही. तिथल्या सकाळी ती घ्यावी आणि तीच वेळ पुढे चालू ठेवावी.

शेंगदाण्याची चिक्की, दशम्या, खाकरा पिशवीत असलेच पाहिजेत. मात्र दूध आणि मांस यांपासून बनलेले पदार्थ युरोपीय संघाबाहेरून सोबत आणायला बंदी आहे. त्यामुळे कंदी पेढे कितीही आवडीचे असले तरी साताऱ्यातच ठेवलेले बरे.

पाणी, पायऱ्या आणि उलटा रस्ता

बाहेर स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीनं अनेक बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. कोरड्या विमानातल्या रात्रीनंतर हे अंगाशी येतं. डोकं दुखतं, चक्कर येते, लघवीला जळजळ सुरू होते. पॅरिसमध्ये नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. रस्त्यांवर हिरव्या रंगाचे, चार स्त्रीमूर्तींनी छत तोललेले नक्षीदार पाणवठे दिसतात. रिचर्ड वॉलेस या इंग्रज गृहस्थानं १८७२ पासून ते शहराला दिले. बाटली त्यांवर भरून घेता येते. महापालिकेची राखाडी रंगाची स्वयंचलित स्वच्छतागृहंही रस्त्यांवर आहेत आणि ती फुकट आहेत. एवढं माहीत असलं तरी तहान मारायची गरज उरत नाही.

गुडघेदुखी असणाऱ्यांची परीक्षा घेते ती मेट्रो. पॅरिसची मेट्रो १९०० साली सुरू झाली आणि तिच्या बहुसंख्य स्थानकांत आजही लिफ्ट नाही. गाडी बदलायची म्हणजे लांबच लांब बोगदे आणि जिने. बस हळू जाते, पण तिची पायरी जमिनीलगत असते आणि खिडकीतून शहर दिसतं. पहिल्या दिवशी एखाद्या लांब पल्ल्याच्या बसमध्ये बसून शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणं हेच खरं तर उत्तम शहरदर्शन. पाय शाबूत राहतात आणि उद्याचे बेत आखता येतात.

रस्ता ओलांडताना मात्र झोपाळलेल्या मेंदूवर विसंबू नये. आपल्याकडे गाड्या आधी उजवीकडून येतात, म्हणून जन्मभराच्या सवयीनं मान उजवीकडे वळते. तिथे त्या आधी डावीकडून येतात. थकलेला मेंदू विचार करण्याऐवजी सवयीवर चालतो, आणि त्या दिवशी सवय उलटी पडते. सायकलींचे वेगळे मार्गही पदपथाला लागूनच असतात. दोघांनी एकमेकांचा हात धरून, दोन्हीकडे पाहून, सिग्नलवरच रस्ता ओलांडावा.

पंचवीस वर्षांची वाट आणि एक दमलेली संध्याकाळ

अपेक्षेचंही ओझं असतं. पॅरिसमध्ये काम करणारे जपानी मानसोपचारतज्ज्ञ हिरोआकी ओटा यांनी १९८० च्या दशकात ‘पॅरिस सिंड्रोम’चं वर्णन केलं. मनात रंगवलेलं शहर आणि समोरचं गर्दीचं, गोंगाटाचं शहर यांतली तफावत काही जपानी पर्यटकांना इतकी असह्य झाली, की त्यांना उपचार घ्यावे लागले. अशी उदाहरणं अगदी विरळा. पण त्याची सौम्य आवृत्ती पुष्कळ जोडप्यांच्या वाट्याला येते. पहिल्याच संध्याकाळी कुठल्यातरी क्षुल्लक कारणावरून दोघांत वाजतं आणि “यासाठी एवढा खर्च केला का?” हा प्रश्न डोकं वर काढतो. अपुऱ्या झोपेनं राग आवरण्याची मेंदूची ताकद कमी होते, हे आता चांगलंच माहीत आहे. अशा भांडणात निम्मा वाटा जागरणाचा आणि रिकाम्या पोटाचा असतो. सहलीचा किंवा जोडीदाराचा निवाडा त्या संध्याकाळी करू नये.

२०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुमारे दीड हजार लोकांवर झालेल्या एका पाहणीत असं दिसलं, की सहलीला जाणारे लोक इतरांपेक्षा अधिक आनंदी होते ते मुख्यतः जाण्यापूर्वी, वाट पाहताना. परतल्यावर हा फरक जवळजवळ पुसला गेला होता. तो थोडाफार टिकला तो ज्यांची सहल अतिशय निवांत झाली त्यांच्यात. सगळं पाहून झालं पाहिजे म्हणून धावणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आयफेल टॉवर अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं लुकलुकतो. मेमध्ये त्यासाठी रात्री दहापर्यंत थांबावं लागतं, म्हणजे साताऱ्याची रात्रीची दीड. पहिल्या रात्री तेवढं जागणं जमलं तर छान. पण साखर उतरून सावरलेल्या माणसानं सातला नीट जेवून, नऊच्या मावळत्या उजेडात थोडं बसून खोलीवर परतावं. पहाटे तीनला जाग आली तर दिवा आणि मोबाइल न लावता पडून राहावं. साताऱ्यात तेव्हा साडेसहा वाजलेले असतात, म्हणून जाग येते. ती दोन-तीन दिवसांत जाते.

निघण्याआधी महिनाभर डॉक्टरांची एक भेट, औषधांच्या रासायनिक नावांची चिठ्ठी, गोळ्यांच्या मूळ पट्ट्या, आणि मधुमेह-रक्तदाब न लपवता काढलेला प्रवास विमा एवढी तयारी पुरेशी असते. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचं विमा संरक्षण लागतंच. त्यात जुन्या आजारांचा समावेश आहे का, हे वाचून घ्यावं. आणि बेत आखताना पहिल्या दिवसाच्या रकान्यात एकच गोष्ट लिहावी: बागेतल्या दोन खुर्च्या. टॉवर १८८९ पासून उभा आहे. दुसऱ्या रात्रीही तो तिथेच असेल.